प्रमाणपत्र फाईलमध्ये आणि बोराची बी घशात



आज निबंध नाही, पाठाची तयारी नाही, उपक्रमही नाही. गेल्या जानेवारीत आमच्या शाळेत जे घडलं ते सांगायचं आहे, आणि त्यावरून माझं जे मत झालं तेही मांडायचं आहे. मत पटलं नाही तरी चालेल, पण लेख शेवटपर्यंत वाचा एवढी विनंती.

आमची शाळा द्विशिक्षकी. पहिली ते चौथी, पट ३८. ग्रामीण रुग्णालय २२ किलोमीटरवर, मध्ये घाट. त्या दिवशी मुख्याध्यापक सर केंद्राच्या मीटिंगला गेले होते, म्हणजे शाळेत मी एकटीच आणि पोषण आहार शिजवणाऱ्या मावशी. मुलं जेवून उठली होती. बोरांचे दिवस, त्यामुळे प्रत्येकाच्या खिशात बोरं. दुसरीतला एक मुलगा, त्याला आपण राजू म्हणू, तोंडात बोर ठेवून लंगडी खेळत होता. एकदम थांबला. खोकला नाही, रडणं नाही, आवाजच नाही. दोन्ही हात गळ्याशी आणि डोळे माझ्याकडे.

मी धावले. आधी पाणी पाजायला गेले, ते नाकातोंडातून बाहेर आलं. मग त्याच्या तोंडात बोट घातलं. बी हाताला लागली नाही, उलट आणखी आत गेली असावी. ओठ निळसर दिसायला लागले. मुलं ओरडायला लागली. खरं सांगते, त्यानंतर मी काहीच केलं नाही. नुसती उभी राहिले. डोक्यात एकच, सरांना फोन लावू का?

मावशी भांडी घासत होत्या. त्या तशाच ओल्या हातांनी आल्या, राजूला पुढे वाकवलं आणि दोन खांद्यांच्या मधोमध तळहाताने सणसणीत थापा मारल्या. चौथ्या की पाचव्या थापेला बी फरशीवर पडली. राजूने श्वास घेतला आणि भोकाड पसरलं. हे सगळं मिळून मिनिट-दीड मिनिटाचं असेल.

आता लाज वाटते ती गोष्ट सांगते. त्या दिवशी ऑफिसच्या कपाटातल्या माझ्या फाईलमध्ये प्रथमोपचार प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र होतं. मावशींकडे कोणतंच नव्हतं.

ते प्रमाणपत्र कसं मिळालं होतं

आधीच्या वर्षी एक ऑनलाइन प्रशिक्षण आलं होतं. ग्रुपवर मेसेज आला, "सर्वांनी १००% पूर्ण करून स्क्रीनशॉट टाकावा." आपल्याला सगळ्यांना माहीत आहे पुढे काय होतं. मी भाकरी थापताना मोबाईल ओट्यावर उभा केला आणि व्हिडिओ चालू ठेवले. शेवटी दहा प्रश्नांची चाचणी. पहिल्यांदा सहा बरोबर आले, दुसऱ्यांदा दहा. प्रमाणपत्र डाउनलोड झालं, त्यात माझं आडनाव चुकलेलं. प्रिंट काढली, फाईलला लावली, विषय संपला.

त्या व्हिडिओत घशात काही अडकलं तर काय करायचं हे नक्कीच असणार. मी ते "पाहिलं" होतं, हातांनी मात्र एकदाही केलं नव्हतं. दोष फक्त प्रशिक्षण देणाऱ्यांचा नाही, माझाही आहे. पण विचार करा, पोहण्याचं प्रमाणपत्र आपण व्हिडिओ बघून देतो का? गाडी चालवण्याचा परवाना नुसत्या प्रश्नपत्रिकेवर देतो का? मग जीव वाचवण्याचं प्रमाणपत्र कसं काय देतो?

त्याच संध्याकाळी गावातला एक तरुण घरी आला. नळजोडणीची कामं करतो, शिक्षण बारावी. तो 'आपदा मित्र' आहे. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१६ मध्ये देशातल्या ३० पूरप्रवण जिल्ह्यांत ही योजना सुरू केली आणि पुढे ती ३५० जिल्ह्यांत, एक लाख स्वयंसेवकांपर्यंत न्यायचं ठरवलं. प्रशिक्षण १२ दिवसांचं. त्याने मला पहिला प्रश्न विचारला, "मॅडम, राजू खोकत होता का?"

मी म्हटलं, "नाही, आवाजच नव्हता."

"मग मावशींनी बरोबर केलं. खोकत असता तर थापा नसत्या मारायच्या, खोकूच द्यायचं. खोकला हा सगळ्यात चांगला उपाय. आवाज बंद झाला, की मग पुढे वाकवून पाठीवर पाच थापा. नाही निघालं तर मागून धरून पोटावर आत आणि वर असे पाच झटके. परत थापा, परत झटके. आणि दिसत नसताना बोट कधी घालायचं नाही, पाणी तर नाहीच."

मी डी.एड. झालेली, बालमानसशास्त्राचा पेपर दिलेली. तो नळजोडणी करणारा. पण त्या विषयात तो माझा गुरू होता, कारण त्याने ते पुतळ्यावर हातांनी केलं होतं आणि कोणीतरी त्याच्या चुका दाखवल्या होत्या.

मग मी खरा कोर्स केला

उन्हाळ्याच्या सुट्टीत जिल्ह्याच्या ठिकाणी पदरचे पैसे भरून दोन दिवसांचा वर्ग केला. मला वाटलं होतं, भाषण असेल, चहा असेल, शेवटी फोटो. पण हॉलमध्ये गेले तर जमिनीवर पुतळे झोपवलेले. एक मोठ्या माणसाचा, एक मुलाचा, एक तान्ह्या बाळाचा.

या पुतळ्याची गोष्ट सांगण्यासारखी आहे. नॉर्वेत आस्मुंड लेर्डाल नावाचे खेळणी बनवणारे गृहस्थ होते. त्यांचा दोन वर्षांचा मुलगा पाण्यात बुडता बुडता वाचला, त्यांनीच त्याला वाचवलं. पुढे पीटर सफार आणि इतर डॉक्टरांनी तोंडाने श्वास देण्याची पद्धत लोकांना शिकवायची ठरवली, तेव्हा सरावासाठी पुतळा हवा होता. खेळणी बनवणाऱ्या लेर्डाल यांनी तो १९६० मध्ये तयार केला. म्हणजे जगभर जीव वाचवायला शिकवणाऱ्या साधनाची सुरुवात एका खेळण्याच्या कारखान्यात झाली. आपण शिक्षक शैक्षणिक साहित्य, शैक्षणिक साहित्य म्हणतो ना, यापेक्षा चांगलं उदाहरण मला तरी माहीत नाही.

त्या पुतळ्यावर मला पहिल्यांदा कळलं की सीपीआर म्हणजे किती मेहनत असते. छातीच्या मधोमध तळहात ठेवून मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबायचं. मोठ्या माणसात ५ ते ६ सेंटिमीटर खोल, मुलात छातीच्या जाडीच्या साधारण एक तृतीयांश. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. ३० वेळा दाबायचं, दोन श्वास द्यायचे. गणिताच्या भाषेत सांगायचं तर ३० दाब १५ ते १८ सेकंदांत बसायला हवेत. करून बघा. दोन मिनिटांत कपाळावर घाम येतो, म्हणूनच दुसरा माणूस असेल तर दर दोन मिनिटांनी बदलायचं असतं.

माझे दाब उथळ पडत होते. "बाई, पुतळ्याला लागणार नाही, जोर लावा," असं मला चार वेळा ऐकावं लागलं. दुसऱ्या दिवशीच्या परीक्षेत मी पहिल्या फेरीत नापास झाले. समोर पुतळा, बाजूला मुद्दाम आरडाओरडा करणारा एक जण, आणि परीक्षक नुसता बघत उभा. मी थेट छाती दाबायला सुरुवात केली. जागा सुरक्षित आहे का ते पाहिलं नाही, हाक मारली नाही, कोणाला नाव घेऊन "तू १०८ ला फोन लाव" असं सांगितलं नाही. परीक्षक शांतपणे म्हणाले, "तासाभराने परत या." पंधरा वर्षांनी मी नापास झाले होते. पण ते नापास होणं मला त्या ऑनलाइन दहापैकी दहापेक्षा जास्त शिकवून गेलं.

आणखी एक गोष्ट तिथे कळली, ती शाळांसाठी फार महत्त्वाची. मोठ्या माणसांसाठी आपल्याकडे फक्त छाती दाबण्याची सोपी पद्धत शिकवली जाते, ती 'कोल्स' या नावाने ओळखतात. मोठ्यांमध्ये बऱ्याचदा आधी हृदय बंद पडतं, त्यामुळे सामान्य माणसासाठी ती चांगलीच आहे. मुलांचं तसं नसतं. मुलांमध्ये बहुधा आधी श्वास अडतो. घशात काही अडकतं, मूल पाण्यात पडतं, दमा वाढतो, आणि मग हृदय थांबतं. म्हणून मुलाला छातीच्या दाबाबरोबर श्वासही द्यावे लागतात. ऑफिसातल्या कर्मचाऱ्यांसाठी बनवलेलं दोन तासांचं प्रशिक्षण शाळेला जसंच्या तसं चालत नाही, ते यामुळेच.

पदवी लागत नाही, सराव लागतो

पुतळ्याच्या गोष्टीत आलेले पीटर सफार अमेरिकेत पिट्सबर्ग शहरात काम करत. १९६६ मध्ये त्यांची स्वतःची लहान मुलगी दम्याच्या झटक्याने गेली. त्या काळी त्या शहरात आजारी माणसाला बहुधा पोलिसांच्या गाडीत टाकून दवाखान्यात नेत, वाटेत उपचार जवळपास नाहीच. १९६७ मध्ये 'फ्रीडम हाऊस' नावाची रुग्णवाहिका सेवा सुरू झाली. तिच्यासाठी सफार यांनी हिल डिस्ट्रिक्ट या गरीब वस्तीतले कृष्णवर्णीय तरुण घेतले. त्यातल्या अनेकांना कोणी नोकरी देत नव्हतं, काहींचं शालेय शिक्षणही अपुरं होतं. त्यांना सुमारे ३०० तासांचं प्रशिक्षण दिलं आणि तेच लोक अमेरिकेतल्या अगदी पहिल्या पॅरामेडिकमध्ये गणले गेले. १९७५ मध्ये शहराने स्वतःची सेवा सुरू केली आणि फ्रीडम हाऊस बंद झालं. नव्या सेवेत त्यातले बरेच जण टिकू शकले नाहीत. अन्यायच म्हणायचा. पण एक गोष्ट त्यांनी सिद्ध करून दाखवली. योग्य शिकवलं आणि तपासून घेतलं, तर सामान्य माणूस जीव वाचवू शकतो.

मग मावशी का नाही? मी का नाही?

प्रमाणपत्राला शेवटची तारीख असते

आपल्या डी.एड.च्या प्रमाणपत्रावर मुदत नसते. आपत्कालीन मदतीच्या चांगल्या प्रमाणपत्राला मात्र ती असते. अमेरिकन हार्ट असोसिएशनचं बेसिक लाईफ सपोर्टचं कार्ड दोन वर्षं चालतं. त्यांच्याही कोर्सचा काही भाग ऑनलाइन करता येतो, पण प्रत्यक्ष हातांनी करून दाखवल्याशिवाय कार्ड हातात पडत नाही. अमेरिकेत इमर्जन्सी मेडिकल रिस्पॉन्डर म्हणजे रुग्णवाहिकेआधी पोहोचणाऱ्या प्रशिक्षित मदतनीसाचा साधारण ५० ते ६० तासांचा कोर्स असतो. त्यानंतर ईएमटी, मग पॅरामेडिक अशी चढती पायरी. तिथल्या राष्ट्रीय नोंदणीचंही दर दोन वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं.

मुदत कशाला? कारण हाताचं कौशल्य वापरलं नाही तर काही महिन्यांतच घसरतं. आपण मुलांना पाढे रोज म्हणायला का लावतो? एकदा पाठ झाले म्हणून सोडून दिले तर दिवाळीच्या सुट्टीनंतर काय होतं ते आपल्याइतकं कोणाला माहीत आहे?

इथे थोडं विषयांतर, पण पालकांसाठी कामाचं. माझे जुने विद्यार्थी आता बारावीच्या पुढे गेलेत. "मॅडम, इमर्जन्सीचा कोर्स केला की अॅम्ब्युलन्सवर नोकरी लागते म्हणे, करू का?" असं विचारतात. काम चांगलं आहे, गरजेचं आहे. पण फी भरण्याआधी मान्यता बघा. २०२१ मध्ये केंद्राने सहायक आणि आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला आहे आणि त्याच्या यादीत इमर्जन्सी मेडिकल टेक्नॉलॉजिस्टचाही समावेश आहे. दोन-तीन दिवसांचं प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र आणि नोकरीसाठीची पात्रता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चकचकीत कागदावर "रिस्पॉन्डर" लिहिलं म्हणून कोणी रुग्णवाहिकेवर घेत नाही.

कारखान्याची पेटी आणि शाळेची पेटी

१९४८ च्या कारखाना कायद्यात एक चांगली तरतूद होती. दर १५० कामगारांमागे निदान एक प्रथमोपचार पेटी, आणि ती पेटी ज्याच्या ताब्यात असेल त्याच्याकडे मान्यताप्राप्त प्रथमोपचार प्रमाणपत्र हवं. म्हणजे पेटीला कुलूप-किल्ली असून भागत नाही, पेटीला माणूस लागतो. एसटीच्या कंडक्टरलाही परवान्यासाठी प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र द्यावं लागतं.

आमच्या शाळेची पेटी मी त्या घटनेनंतर उघडली. मुदत संपलेलं औषध, चिकटपणा गेलेली पट्टी, कापसाचा एक बोळा आणि वर कोणाचं तरी पेन. पेटीचा "ताबा" माझ्याकडे होता, म्हणजे फक्त किल्ली माझ्याकडे होती. ३८ मुलं, खिडकीचे गज, मैदानातले दगड, पावसाळ्यात शाळेमागच्या गवतातले साप, आणि सांभाळायला फक्त किल्ली असलेली एक बाई.

आक्षेप येणारच

पहिला आक्षेप मीच घेते. "आधीच कामं काय कमी आहेत? निवडणूक, सर्वेक्षणं, ऑनलाइन माहिती, आणि आता हे पण?" अगदी खरं आहे. म्हणून माझं म्हणणं असं की हे प्रशिक्षण वाढवून देऊ नका, बदलून द्या. वर्षभरात कागदापुरतं होणारं एखादं प्रशिक्षण काढा आणि तो दिवस याला द्या. शिक्षण परिषदेचा वर्षातला एक दिवस पुतळ्यांसोबत गेला तर गुणवत्ता घसरणार नाही.

दुसरा आक्षेप, "आपण काय डॉक्टर आहोत?" नाही, आणि चांगलं प्रशिक्षण हेच आधी शिकवतं. कुठे थांबायचं ते. गोळी द्यायची नाही, इंजेक्शन नाही, निदान नाही. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ ची सेवा आहे, गाडीबरोबर डॉक्टर येतो. आपलं काम फक्त गाडी येईपर्यंतचं. पण मेंदूला चार ते सहा मिनिटं प्राणवायू मिळाला नाही तर इजा व्हायला सुरुवात होते, आणि २२ किलोमीटरचा घाट चार मिनिटांत कोणतीच गाडी चढू शकत नाही. ती मिनिटं डॉक्टरांची नाहीत, तिथे जो हजर आहे त्याची आहेत.

तिसरा आक्षेप सगळ्यात खरा, आणि तो कोणी उघड बोलत नाही. "काही बरंवाईट झालं तर पालक आणि गाव आपल्यालाच धरणार." रस्ते अपघातात मदत करणाऱ्यांसाठी सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये संरक्षण दिलं आणि २०१९ च्या दुरुस्तीने ते मोटार वाहन कायद्यात कलम १३४अ म्हणून आलं. पण ते रस्ते अपघातापुरतं. शाळेच्या आवारात मुलाला मदत करणाऱ्या शिक्षकालाही तसाच दिलासा लेखी हवा. शिकल्याप्रमाणे, प्रामाणिकपणे मदत केली तर त्याच्यावर बोट उगारलं जाणार नाही, हे कागदावर असल्याशिवाय भीती जाणार नाही. ही मागणी आपल्या संघटनांनी लावून धरायला हवी.

चौथी भीती माझी स्वतःची आहे. उद्या सरसकट आदेश निघाला की "सर्व शिक्षकांनी महिनाअखेर प्रमाणपत्र सादर करावे", तर काय होईल? महिनाअखेर सगळ्यांची प्रमाणपत्रं जमा होतील आणि एकालाही काही येणार नाही. न बसता प्रमाणपत्र देणारी दुकानंही उघडतील. म्हणून माझं मत स्पष्ट सांगते. सक्ती प्रमाणपत्राची नको, परीक्षेची करा. आणि ती परीक्षा पुतळ्यासमोर, अनोळखी परीक्षकाकडून, नापास होण्याची सोय ठेवून.

मग नेमकं काय करावं?

माझ्या अनुभवावरून काही सूचना:

१. प्रत्येक केंद्राकडे तीन पुतळे असावेत, मोठ्या माणसाचा, मुलाचा आणि बाळाचा. ते शाळा-शाळांत फिरावेत, जशी पूर्वी विज्ञानाची पेटी फिरायची.

२. प्रत्येक शाळेतून किमान दोन माणसं शिकवावीत आणि त्यातली एक स्वयंपाक करणारी मावशी असावी. शिक्षक मीटिंगला जातात, बदलून जातात. मावशी रोज असतात.

३. अभ्यासक्रम शाळेचा असावा. घशात अडकणं, फिट येणं, रक्तस्राव, भाजणं, साप-विंचू, पाण्यात पडणं, दम्याचा झटका, डोक्याला मार आणि सीपीआर. एवढं पुरे.

४. प्रमाणपत्रावर शेवटची तारीख ठळक छापावी आणि दर तीन महिन्यांनी पंधरा मिनिटांची उजळणी व्हावी.

५. पैसे भरून कोर्स करणार असाल तर आधी पाच प्रश्न विचारा. किती जणांमागे एक पुतळा आहे? लहान मुलांचा भाग आहे का? परीक्षेत कोणी नापास होतं का? प्रमाणपत्राची मुदत किती? शिकवणाऱ्याने स्वतः कधी रुग्णाला हात लावला आहे का? तिसऱ्या प्रश्नाला "आमच्याकडे सगळे पास होतात" असं अभिमानाने उत्तर आलं, तर दुसरीकडे जा.

प्रशिक्षण होईपर्यंत निदान चुकीच्या गोष्टी तरी थांबवूया. फिट आलेल्या मुलाला चप्पल किंवा कांदा हुंगवू नका, तोंडात चमचा घालू नका, हातपाय दाबून धरू नका. आजूबाजूच्या वस्तू हलवा, कुशीवर वळवा, घड्याळ बघा. पाच मिनिटांहून जास्त चाललं तर १०८. नाकातून रक्त आलं तर मान मागे टाकायची नाही, किंचित पुढे वाकवून नाकाचा मऊ भाग दहा मिनिटं चिमटीत धरायचा. भाजलं तर टूथपेस्ट नको, वाहतं साधं पाणी २० मिनिटं. साप चावला तर कापायचं नाही, चोखायचं नाही, दोरी आवळून बांधायची नाही. पैंजण, कडं, धागा काढायचा, तो हात किंवा पाय हलू द्यायचा नाही आणि मांत्रिकाकडे न नेता थेट प्रतिविष असलेल्या रुग्णालयात न्यायचं.

पालकांना दोन शब्द

पालकहो, तुमच्या मुलाला दमा आहे, फिट येते, एखाद्या पदार्थाची ॲलर्जी आहे, हे शाळेला लेखी सांगा. "लग्नाला अडचण येईल" म्हणून मुलींच्या फिट लपवल्या जातात, हे मी पाहिलं आहे. आम्हाला माहीत नसेल तर आम्ही काय करणार? आणि पुढच्या पालक सभेत शाळेला रंग, संगणक, गॅदरिंग यांच्याबरोबर एक प्रश्न विचारा, "माझ्या मुलाच्या घशात काही अडकलं तर इथे कोणाला काढता येतं?" प्रमाणपत्र दाखवा म्हणू नका. "करून दाखवा" म्हणा. आम्हाला राग आला तरी चालेल.

आमच्या शाळेत आता काय बदललं? फार नाही. पुतळा अजून मिळालेला नाही, मागणी केली आहे. पेटी नवीन भरली. तो आपदा मित्र तरुण दर तीन महिन्यांनी शनिवारी परिपाठानंतर येतो. मुलांना तो १०८ ला फोन कसा करायचा ते शिकवतो. गावाचं नाव, ओळखीची खूण, काय झालंय, किती जणांना झालंय, आणि समोरच्याने सांगेपर्यंत फोन ठेवायचा नाही. चौथीची मुलं हे कवितेसारखं घडाघडा म्हणतात. सर आणि मी एकमेकांच्या चुका काढतो. मावशींनी पहिल्याच दिवशी विचारलं, "बाई, मी त्या दिवशी मारलं ते बरोबर होतं ना? रात्रभर झोप नव्हती मला. मुलाला लागलं असेल का म्हणून." इतके महिने ती बाई हे मनात घेऊन स्वयंपाक करत होती आणि आम्ही कोणी तिला "तुम्ही बरोबर केलंत" एवढंही सांगितलं नव्हतं.

पुढच्या सुट्टीत जिल्ह्याला तो दोन दिवसांचा वर्ग परत आहे. यंदा मी मावशींना घेऊन जाणार आहे, फी मी आणि सर मिळून भरतो आहोत. माझ्या कार्डाची शेवटची तारीख मी कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला मोठ्या अक्षरात लिहून ठेवली आहे. जुनं ऑनलाइन प्रमाणपत्र फाईलमध्येच आहे, आडनाव चुकलेलं. ते मी काढलेलं नाही. आठवण म्हणून असू दे.